झबलं वाढवलं

चिंचपोकळी स्टेशनातून बाहेर पडून लालबागच्या दिशेला निघालात आणि झबलेवाली जाईबाई कुठे राहते म्हणून कुणाला विचारलंत, तर तो माणूस आधी तुमच्याकडे खालून वर बघेल आणि विचारेल, बाळ झालं का? कारण बाळ व्हायच्या आत जाईबाईकडे गेलेला माणूस चार शब्द ऐकून परत येतो, हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. पोटातल्या जिवासाठी ती सुईत दोरा ओवत नाही. आधी येऊ दे, रडू दे, मग माप घेऊ, असं तिचं म्हणणं. मालवणकडे तिच्या आईचंही तेच म्हणणं होतं आणि जाईबाई आईच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. अडुसष्ट वर्षांची झाली तरी नाही.

तिचं झबलं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दुकानातलं झबलं दोन महिन्यांत अपुरं पडतं आणि गाठोड्यात जातं. जाईबाईचं झबलं पोराबरोबर मोठं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचं कापड ती दुप्पट घेते आणि जास्तीचं सगळं आत दुमडून टक घालते. खाली घेरात तीन, खांद्यांवर दोन, काखेखाली दोन. प्रत्येक टक लाल दोऱ्याच्या धावदोऱ्याने धरलेला. पोर जरा भरलं की दोऱ्याचं आत लपवलेलं टोक शोधायचं आणि ओढायचं. दोरा सरकन निघतो, कापड बोटभर मोकळं होतं. सातवा टक सुटेपर्यंत पोर भिंत धरून चालायला लागलेलं असतं. दादरचा एक दुकानदार मध्यंतरी आला होता, म्हणाला, मावशी, टकबिक सोडा, इलॅस्टिक घाला, ‘अ‍ॅडजस्टेबल’ म्हणून विकू. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. इलॅस्टिकचा वळ पोराच्या अंगावर उठतो, तुझ्या अंगावर उठला तर कळेल, असं ऐकून तो जिना उतरला.

आणि नाड्या मागे. पाठीवर. पुढे नाड्या दिल्या की पोरं त्या तोंडात घालतात, म्हणून झबल्याच्या नाड्या मागेच, यात वाद नाही. जाईबाईशी वाद घालायची तशीही कुणाची छाती नाही.

कापडापेक्षा कडक तिची जीभ. तिच्या घरात नारळ फुटत नाही, वाढतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. आणि तान्ह्याच्या अंगावरचं कापड तर फाटतही नाही आणि कापलंही जात नाही; त्याला काहीही झालं तरी ते वाढलं असंच म्हणायचं. वाईट शब्द उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही. नवरा धोंडू गेला त्या दिवशी शेजारच्या बायकांनी तिचे हात धरून हिरव्या बांगड्या दगडावर फोडल्या, तेव्हाही एक म्हातारी म्हणाली होती, वाढवा गो तिच्या बांगड्या. या शब्दाच्या पोटात काय काय लपतं ते तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिचा जावई उन्मेष प्रभादेवीचा. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत, हा बँकेत. बोलणं शुद्ध, स्वभाव पापभीरू. लग्नानंतर पहिल्यांदा सासूकडे जेवायला आला आणि रुपालीची बांगडी पाटाला लागून तडकली. हा सहज म्हणाला, फुटली. झालं. जाईबाईने वाढता वाढता भाताचं भांडं खाली ठेवलं आणि शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये का म्हणून त्याला असं फैलावर घेतलं की बिचाऱ्याने दुसरा भात मागितला नाही. तेव्हापासून गेली नऊ वर्षं तो सासूसमोर शब्द मोजून बोलतो. एकदा तर तिच्या घरी बसून काम करताना, लॅपटॉप वाढवतो आता, असं म्हणाला. रुपाली पोट धरून हसली. जाईबाईला मात्र जावयाचा फार अभिमान वाटला.

याच रुपालीला नऊ वर्षांनी दिवस गेले. आणि सातव्या महिन्यातच एका दुपारी कळा सुरू झाल्या. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात मुलगी झाली. वजन अकराशे ग्रॅम.

अकराशे ग्रॅम म्हणजे किती, ते जाईबाईला उन्मेषच्या मोबाइलवर दिसलं. काचेची पेटी, नाकात नळी, पायाला तार, आणि मध्ये एक इवलासा लाल जीव, ज्याच्या मांड्या जाईबाईच्या अंगठ्याएवढ्या. आत फक्त आईबापाला सोडत. आजीने बाहेरच्या बाकड्यावर बसायचं. जाईबाई तिथे बसून राहायची आणि मनातल्या मनात एकच हिशोब करायची, की आपण काही शिवून ठेवलं नव्हतं, काही बोललो नव्हतो, दृष्ट लागेल असं काही केलं नव्हतं. मग हे का झालं? पेटीवर नावाच्या जागी ‘बेबी ऑफ रुपाली’ लिहिलं होतं.

तीन आठवड्यांनी पोरगी पेटीतून शेजारच्या खोलीत आली. आता आईने तिला छातीशी धरून बसायचं, आणि अंगात कपडा चालेल, असं आकांक्षा सिस्टरने सांगितलं. चालेल, पण तीन गोष्टी: बटण नको, लोंबता दोरा नको, आणि कपडा पुढून उघडणारा हवा. दुकानातला सगळ्यात लहान कपडा आणला तर त्यात अशा दोन मुली मावल्या असत्या. रुपालीने आईला फोन केला, सगळं सांगितलं. पुढून, आई, पुढून, असं दोनदा म्हणाली.

जाईबाईने त्याच दिवशी स्वतःची जुनी साडी फाडली. हो, फाडली, साडीला तो नियम नाही. दोन दिवस मान वर केली नाही. सात टक तर घातलेच, पण बाहुलीच्या मापावर. बोटभर टकाच्या जागी नखभर टक. लाल दोऱ्याची टोकं आत दडवली. बटण नाही. लोंबता दोरा नाही. आणि नाड्या मागे.

रुपालीने झबलं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. आई, पुढून सांगितलं होतं, एवढंच ती म्हणाली. झबल्याच्या नाड्या मागेच असतात, तुझ्याही मागेच होत्या, काय झालं तुला, असं जाईबाईने विचारलं. तीन आठवडे न झोपलेल्या बाईत भांडायचं बळ कुठून असणार? तिने आत जाऊन सिस्टरला गळ घातली की आईने शिवलंय, राहू दे. सिस्टर म्हणाली, आज राहू दे, उद्या दुसरं आणा. तो उद्या आठवडाभर आला नाही. सिस्टर रोज विचारायची, रुपाली रोज आईला सांगायची, आणि जाईबाई रोज म्हणायची, बघते.

कारण तिचं सगळं लक्ष टकांवर होतं. पोरीचं वजन एक दिवस दहा ग्रॅमने वर जाई आणि दुसऱ्या दिवशी वीस ग्रॅमने खाली येई. ग्रॅम जाईबाईला कळत नव्हते. तिला टक कळत होते. पहिला टक सुटला की पोर तगलं, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं, आणि रोज सकाळी ती जावयाला फोन करून एकच विचारायची, टक सोडला का? तो रोज म्हणायचा, अजून नाही, आई.

आठव्या दिवशी तिने फोन करायच्या आत, पावणेअकराला, त्याचाच मेसेज आला.

‘आई, झबलं वाढवलं. तुम्ही लगेच या.’

आणि इथे जाईबाई फसली. साऱ्या जन्मात ज्या शब्दावरून तिने दुसऱ्यांना धारेवर धरलं, ज्या शब्दाने तिचे स्वतःचे हात मोकळे झाले, तो शब्द समोर आला आणि तिने तो लहान पोरासारखा सरळ वाचला. वाढवलं. म्हणजे टक सोडला. म्हणजे पोर वाढलं. इतके दिवस तिला तेच ऐकायचं होतं, मग तिला दुसरं काय दिसणार? तिने फोन लावला, तो उचलला गेला नाही. आत असताना फोन उचलू देत नाहीत हे तिला ठाऊकच होतं. तिने डब्यातून साखर काढली आणि चाळीच्या माळ्यावरच्या सगळ्या दारांत जाऊन प्रत्येकीच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. नातीचं झबलं वाढलं, असं सांगत सुटली. कुणाला शंका आली असेलही. पण जाईबाईच्या तोंडावरचा आनंद बघून विचारणार कोण?

पोरीकडे जायचं सोडून बाई साखर वाटत होती, आणि तिकडे ‘लगेच’ हा शब्द मेसेजमध्ये तसाच पडून होता.

चिंचपोकळीहून परळ काही लांब नाही. ती चालत निघाली. लालबागच्या पुलाखालून, मिरच्या कुटण्याचा खकाणा नाकातोंडात घेत, शिंकत, पदराने डोळे पुसत. वाटेत मिठाईवाल्याकडे थांबली. पेढे ताजे आहेत का, आजचेच ना, असं खोदून खोदून विचारलं, आणि पाव किलोचा बॉक्स बांधून घेतला. दुसरा टक कोणता सोडायला सांगायचा, खांद्याचा की काखेचा, याचा विचार करत तिने सिग्नल ओलांडला. खांद्याचा आधी, असं ठरलं. हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने अडवलं, तर त्यालाही सांगितलं की नात वाढली, आज मला बोलावलंय.

दुसऱ्या मजल्यावर बाकड्यावर उन्मेष बसला होता. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर, हातात हॉस्पिटलची प्लॅस्टिकची पिशवी. जाईबाईने जवळ जाऊन बॉक्स उघडला आणि पेढा त्याच्यापुढे धरला. त्याने मान वर केली. डोळे लालभडक. तो पेढ्याकडे बघत राहिला, मग सासूकडे.

"आई, तुम्हाला मेसेज कळला ना?"

"न कळायला काय झालं. किती टक सोडले?"

त्याने पिशवीत हात घातला आणि झबलं काढून तिच्या हातात दिलं. गळ्यापासून खालपर्यंत, बरोब्बर छातीवरून, सरळ रेषेत कापलेलं. घेराचे तिन्ही टक मध्येच तुटलेले आणि लाल दोऱ्याचे तुकडे बाहेर आलेले. पाठीमागची नाडीची गाठ जशीच्या तशी बांधलेली होती.

हातातला पेढा कधी पडला ते जाईबाईला कळलं नाही. "काय झाला ता सांग," ती म्हणाली, आणि जावयाला अरेतुरे केलं हेही तिला कळलं नाही.

त्याने सांगितलं. दहाच्या सुमाराला, दूध पाजून झाल्यावर, रुपालीच्या छातीवर असतानाच पोरीचा श्वास थांबला. ओठ निळे पडले. सिस्टरने तळपाय चोळले, पाठ चोळली. अशा लहान बाळांचं होतं असं कधी कधी, चोळलं की श्वास परत येतो. आला नाही. मग तिला टेबलावर उताणी ठेवली. छाती मोकळी हवी होती आणि नाड्या पाठीखाली. कात्री लावली, तोंडावर श्वास द्यायचा फुगा धरला, डॉक्टर धावत आले. श्वास परत आला. आता पुन्हा मशीन लावलंय. संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही म्हणालेत.

जाईबाई बाकड्यावर टेकली. झबलं मांडीवर, पेढ्यांचा बॉक्स बाजूला. तिने विचारलं, मग मेसेजमध्ये असं का लिहिलंत?

"कापलं कसं लिहू, आई? तुम्हीच सांगितलं होतं, तान्ह्याचं कापड कापलं म्हणायचं नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट. एवढ्या धावपळीत, बाप म्हणून जीव टांगणीला लागलेला असताना, या माणसाने सासूचा शब्द पाळला होता. आणि सासूने घरी साखर वाटली होती. जाईबाईला स्वतःची अशी लाज वाटली की तिने पदर तोंडाला लावला. पण लाजेपेक्षा दुसरंच काही तिला आतून कुरतडत होतं, आणि ते विचारल्याशिवाय तिला बसवेना. आकांक्षा सिस्टर काही कामाने बाहेर आली, तशी जाईबाई उठून तिच्यासमोर उभी राहिली.

"सिस्टर, माझ्या गाठीपायी किती वेळ गेला?"

सिस्टर तरुण होती, पंचविशीतली, सकाळपासून उभी. तिने म्हातारीकडे पाहिलं. "गाठीला मी हातच लावला नाही, आजी. सरळ कात्री लावली." एवढं बोलून ती दोन पावलं गेली आणि मागे वळून म्हणाली, "पुढून शिवा म्हणून सांगितलं होतं ना."

तीन शब्दांत सांगता येईल अशी गोष्ट होती, आणि जाईबाईने ती आठवडाभर ऐकली नव्हती. तिने सिस्टरला गाठ सोडत बसायला लावलं असतं, मान राखत बसायला लावलं असतं. सिस्टरने ना गाठीचा मान राखला ना झबल्याचा, म्हणून नातीचा श्वास परत आला. हे जाईबाईला तिथे उभ्या उभ्या कळलं.

दुपार सरत नव्हती. दार उघडलं की दोघंही उठत आणि दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं की खाली बसत. एकदा आत घाईघाईने काहीतरी ढकलत नेल्याचा आवाज आला, आणि उन्मेष दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला. ते दुसऱ्या बाळासाठी होतं. त्या बाळाचे आईबाप कोण म्हणून जाईबाई इकडेतिकडे बघत राहिली. रुपाली बाहेर येत नव्हती.

मग जाईबाईने पिशवीतून सुईदोऱ्याची डबी काढली. ती डबी तिच्याबरोबर देवळातही जाते. कापलेलं झबलं तिने मांडीवर पसरलं आणि आधी पाठीवरची गाठ सोडली. नाड्या उसवून काढल्या. पाठ मधोमध शिवून बंद करायची, तर सुईत दोरा जाईना. दोरा ओठात ओला करूनही नेढं चुकायचं. चार वेळा चुकलं. उन्मेषने तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. आयुष्यात पहिल्यांदा जाईबाईने दुसऱ्याने ओवलेल्या दोऱ्याने शिवलं.

पाठ बंद झाली. मग कात्रीने झालेल्या दोन्ही कडा तिने आत मुडपून बारीक तुरपाई केली. तुटलेले टक पुन्हा लाल दोऱ्याने धरले, प्रत्येक बाजूला वेगळे. आणि जिथून सिस्टरने कापलं होतं तिथेच, छातीवर, नाड्या लावल्या. गाठीच्या नाहीत. एका बाजूच्या नाडीला फास केला, दुसरी त्यातून नुसती अडकवायची, एक ओढ दिली की सगळं झबलं पुस्तकासारखं उघडेल असं. ते तिने पंधरा-वीस वेळा ओढून पाहिलं. उन्मेषलाही ओढायला लावलं.

सहाच्या सुमाराला डॉक्टर आले. मशीनचा जोर कमी केलाय, स्वतः श्वास घेतेय, आजचा दिवस निभावला, असं म्हणाले. उद्याचं उद्या, हेही म्हणाले. त्यांच्या मागून रुपाली बाहेर आली. केस विस्कटलेले, गाऊनवर दुधाचे डाग. आईच्या मांडीवरचं झबलं तिने पाहिलं आणि ती दारातच थांबली.

जाईबाई उठली. "चुकलं माझं, बाय," ती म्हणाली. चाळीतल्या कुणी हे ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

रुपाली रडली नाही आणि आईच्या गळ्यातही पडली नाही. तिने झबलं हातात घेतलं, नाडी ओढली, ते उघडलं. पुन्हा अडकवली, पुन्हा ओढली. मग घडी करून उन्मेषकडे दिलं आणि, धुऊन आणा, एवढं बोलून आत गेली. निघताना जाईबाईने पेढ्यांचा बॉक्स सिस्टरच्या टेबलावर ठेवला. जिन्यात ती जावयाला म्हणाली, "उन्मेषराव, यापुढे कापलं तर कापलं म्हणा. मला सोसेल. माझ्यासाठी शब्द शोधत बसू नका."

तो मान हलवून बरं म्हणाला.

त्यानंतर सतरा दिवस गेले. पुढून नाड्यांची आणखी तीन झबली जाईबाईने शिवली, एक आपल्या नातीला आणि दोन शेजारच्या पेट्यांतल्या बाळांना. सकाळचा फोन मात्र तिने बंद केला. टक सोडला का, हे विचारायची हिंमत तिला होत नव्हती. अठराव्या दिवशी सकाळी मोबाइल वाजला तेव्हा ती पोहे भिजवत होती. हात पुसून, चष्मा शोधून, भिंतीला टेकून तिने मेसेज वाचला.

‘आई, बाळ ठीक आहे. आजचं वजन सोळाशे चाळीस. झबलं घट्ट होत होतं म्हणून सिस्टरसमोर घेराचा पहिला टक सोडला. लाल दोरा मी हाताने ओढून काढला. काहीही कापलेलं नाही. काहीही फाटलेलं नाही. श्वास नीट आहे. घाबरू नका.’

तिने तो दोनदा वाचला. शेजारणीकडून एकदा वाचून घेतला. तरी पटेना, म्हणून फोन लावला. या वेळी उन्मेष बाहेरच होता, पहिल्या रिंगला उचलला. तिने विचारलं, दोरा खरंच ओढून निघाला का, कात्री लावावी लागली नाही ना? नाही, आई. पोर हलतंय का? हलतंय, आई, हातपाय झाडतेय. त्याने फोटो पाठवला: त्याच्या तळहातावर विंचरताना निघालेल्या केसासारखा वाकडातिकडा लाल दोरा, आणि मागे, जरा धूसर, झबल्याची मोकळी झालेली कड.

जाईबाई चुलीपुढे खालीच बसली. रडणं आवरेना, आणि रडताना ओरडायची सवय जाईना.

"मग एवढं लांबलचक काय लिहिलंत, उन्मेषराव," ती फोनवर म्हणाली, "सरळ वाढलं म्हणा ना."